कोरड्या ओहोळाचे पाणी

(ॲन आर्बर येथील मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात रविवारी सायंकाळी झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



वाळवंटातील हंगामी ओहोळांच्या पाण्याची प्रत कशी राखावी, हा विषय मी सुचवला तेव्हा अध्यक्ष क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "ह्युरॉन नदीच्या काठी राहणाऱ्यांना वाळवंटाचे काय?" प्रश्न रास्त होता. परंतु येथे बसलेल्या अनेक घरांतील कोणी ना कोणी दिमोना, येरुहाम किंवा बेएर शेबा येथे राहते. माझी थोरली मावशी मुंबई सोडून गेली ती दिमोनातच स्थायिक झाली. तिच्या पहिल्या पत्रातील एक वाक्य आमच्या घरात पुढे म्हणीसारखे झाले: "येथे नदीचे पात्र आहे, नदी नाही."

मावशीला जे नवल वाटले ते हिब्रू भाषेला वाटत नाही. 'नहल' हा शब्द वाहत्या पाण्यालाही लागतो आणि त्याच्या कोरड्या पात्रालाही. मलिद्याच्या वेळी आपण ज्या एलियाहू हनावींचे स्मरण करतो, ते ज्या करीथ ओहळाकाठी राहिले तोही पाऊस न पडल्यामुळे आटलाच. मिश्नेच्या 'पारा' या प्रकरणात तर अशा पाण्याविषयी स्पष्ट नियम आहे. सात वर्षांत एकदा जरी जो झरा दगा देतो, त्याचे पाणी त्या विशिष्ट शुद्धीकरणाला चालत नाही. हा नियम विधीचा आहे, आरोग्याचा नाही, हे मी जाणतो. तथापि त्यातील एक दृष्टी मला मोलाची वाटते. आज पाणी कसे दिसते एवढ्यावर निर्णय नाही. सात वर्षांचा हिशेब पाहायचा.

मी स्वतः तसा हिशेब पाहिला नव्हता, आणि ते आज सांगितले पाहिजे.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यात पाण्याचे नमुने गोळा करण्याच्या कामावर मी होतो. कोकणात वाळवंट नाही, परंतु आपले पऱ्ह्ये पावसाळा सरल्यावर काही महिन्यांत आटतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्यांच्यात दगडगोट्यांखेरीज काही नसते. अशाच एका पऱ्ह्याचे नमुने मी ऑगस्टमध्ये घेतले. पाणी स्वच्छ निघाले. अहवालावर मी 'समाधानकारक' असा शेरा लिहिला. उन्हाळ्यात नमुने घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पाणीच नव्हते. त्या उन्हाळ्यांत वरच्या अंगाला एक छोटा कारखाना आपली पिंपे त्या कोरड्या पात्रात रिकामी करीत होता. जूनच्या पहिल्या लोंढ्याने ते सर्व खाली नेले, आणि पात्रालगतच्या दोन विहिरींच्या पाण्याला वास येऊ लागला. एका वृद्धेने मला विचारले, "साहेब, तुम्ही तर पाणी तपासलं होतं ना?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या गावच्या बायका पूर्वीपासून पहिल्या पुराचे पाणी भरत नसत. त्यांना जे ठाऊक होते ते माझ्या तक्त्यात नव्हते.

आता नेगेबकडे वळू. शुक्रवार, 30 जून 2017. दिमोनाच्या पूर्वेला मिशोर रोतेम येथे फॉस्फेटपासून खताचा कच्चा माल तयार होतो, आणि त्यातून निघणारे आम्लयुक्त सांडपाणी मोठ्या तलावांत साठवलेले असते. त्या दिवशी अशा एका तलावाचा बांध फुटला. सुमारे 1,00,000 घनमीटर तीव्र आम्लधर्मी पाणी नहल अशालिममध्ये शिरले आणि मृत समुद्राच्या दिशेने वीस किलोमीटरांहून अधिक वाहत गेले. ओहोळातील पाणवठ्यांवर येणारे आयबेक्स, म्हणजे तेथील डोंगरी रानबोकड, मरून पडलेले आढळले.

तो महिना लक्षात घ्या. जूनमध्ये नेगेबात पाऊस नसतो. बारमाही नदीत असा अपघात झाला असता तर निदान नदीच्या स्वतःच्या पाण्याने विष काही प्रमाणात पातळ झाले असते. येथे त्या दिवशी ओहोळातून जे वाहत होते ते केवळ आम्ल होते. नदीत किती सांडपाणी सोडू द्यावे हे ठरवताना अमेरिकेत नेहमीची रीत अशी की, दहा वर्षांतून एकदा येणारा सर्वांत क्षीण असा सात दिवसांचा प्रवाह धरावा आणि त्यात सांडपाणी किती विरळ होईल ते मोजावे. वाळवंटी ओहोळासाठी हा आकडा शून्य येतो. म्हणून तेथे सोडलेले पाणी सोडतानाच स्वच्छ हवे. पुढे कोणी त्याला सावरून घेणार नाही. इस्राएलने 2010 च्या नियमांत प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यासाठी सेंद्रिय भार आणि तरंगता गाळ, दोहोंची मासिक सरासरी लिटरमागे 10 मिलिग्रॅम ठेवली आहे ती उगीच नव्हे.

शिवाय असा पूर सगळाच समुद्राला मिळत नाही. बराचसा वाळूत आणि गोट्यांत जिरतो व भूजल होतो. पात्रात जे पडले ते उद्या विहिरीत उतरते. एकदा ते खाली गेले की काय होते, हे ॲन आर्बरकरांना निराळे सांगायला नको. शहराच्या पश्चिमेला डायॉक्सेन भूजलात आढळल्याला 1985 पासून इतकी वर्षे झाली, तरी आपण अजून त्याच्या मागेच धावत आहोत.

मग वर्षातून काही तासच वाहणाऱ्या पाण्याचा नमुना घ्यावा कसा? माणूस धाडणे धोक्याचे. एप्रिल 2018 मध्ये नहल त्झाफितच्या अचानक आलेल्या पुरात दहा तरुण मुले गेली, हे आपल्या नातलगांनी आपल्याला तेव्हाच कळवले होते. म्हणून पाण्याची पातळी चढताच आपोआप सुरू होणारा पंप बसवतात, तो ठरावीक अंतराने एकेक बाटली भरतो. पैसे नसतील तर खांबावर निरनिराळ्या उंचीवर वाकड्या नळीच्या बाटल्या बांधाव्यात. पाणी चढेल तशी एकेक भरते. मला ही दुसरी युक्ती अधिक आवडते, कारण तीत बिघडण्यासारखे काही नाही. पहिली बाटली सर्वांत महत्त्वाची. आठ महिन्यांची धूळ, तेल, शेण, कीटकनाशके आणि क्षार तिच्यात येतात. आणि पाणी नसताना पात्रातील गाळाचा नमुना घ्यावा, जे मी रायगडात केले नाही.

बेएर शेबाची कथा याच्या उलट आहे. हेब्रोन परिसरातील सांडपाणी आणि तेथील दगड कापण्याच्या उद्योगाचा पांढरा गाळ हेब्रोन ओहोळातून बेएर शेबा ओहोळात येतो, पुढे बेसोरमार्गे गझातून समुद्राला मिळतो. हे पाणी कोणतीच सीमा मानत नाही. वाटेत ते अडवून शुद्ध करण्याची व्यवस्था झाली आहे. शहरात नदीकाठी मोठे उद्यान झाले, त्यातील तलाव पुनर्वापराच्या पाण्याचा आहे. तो सुंदर आहे. पण ज्या ओहोळाचा धर्मच कोरडे राहण्याचा, त्यात बारा महिने सांडपाणी वाहू लागले तर डास आणि बोरू वाढतात व तेथील मूळ जीव हटतात. माझ्या मते शुद्ध केलेले पाणी शेतीला द्यावे आणि पात्र कोरडेच ठेवावे. माझा मावसभाऊ यावर माझ्याशी अजूनही भांडतो.

या देशातही प्रश्न लहान नाही. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या 2008 च्या अहवालानुसार अलास्का वगळता देशातील सुमारे 59 टक्के ओढे हंगामी आहेत, आणि नैर्ऋत्येच्या शुष्क राज्यांत तर 81 टक्क्यांहून अधिक. त्यांना 1972 चा स्वच्छ जल कायदा लागू होतो का, हा वाद 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला तो आपल्याच मिशिगनमधील मिडलंडजवळच्या जमिनीवरून. चार न्यायमूर्तींनी तेव्हा मांडलेले 'तुलनेने कायम' पाण्याचे मत 25 मे 2023 च्या निकालात बहुमताचे झाले. केवळ पावसापुरते वाहणारे ओहोळ आता राज्यांच्या मर्जीवर आहेत. ऑगस्टमध्ये नमुना घेणाऱ्या त्या तरुणाची आठवण मला हा निकाल वाचताना झाली.

आपल्या शहरातील ॲलन ओढा गेल्या शतकात नळांत घालून पुरला गेला. हिवाळाभर रस्त्यांवर टाकलेले मीठ मार्चच्या वितळणीबरोबर त्यातून अर्गो धरणाच्या खाली ह्युरॉनमध्ये जाते. आपले बहुतेक पिण्याचे पाणी त्याच्या वर, बार्टन तळ्यातून येते. आपले मीठ खालच्यांच्या वाट्याला जाते. पाण्याची विद्युतवाहकता मोजणारे एक छोटे उपकरण माझ्यापाशी आहे. क्षार वाढले की तिचा आकडा चढतो. पहिले वितळते पाणी येईल त्या दिवशी मुलांना घेऊन तेथे मोजणी करावी, असा विचार आहे. तो दिवस कोणता असेल हे आठवडाभर आधी सांगता येणार नाही, तेव्हा ज्यांना यायचे असेल त्यांनी आपला दूरध्वनी क्रमांक आज चहाच्या वेळी चिटणीसबाईंकडे लिहून ठेवावा.