सपाटीवरील धाकट्या रेल्वेगाड्या
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचे शब्दांकन)



धाकट्या रेल्वेचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. दार्जिलिंगची वळणे, निलगिरीचे दातेरी रूळ, कालका-शिमल्याचे बोगदे आणि घरचेच म्हणावे असे माथेरान. यांपैकी पहिल्या तिन्ही मार्गांना अनुक्रमे १९९९, २००५ आणि २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. ते कौतुक रास्तच आहे. मात्र या थोरामोठ्यांच्या पंगतीत ज्यांना कधी पान मांडले गेले नाही, अशा काही गाड्या सपाटीवर धावत होत्या. त्यांच्या खिडकीतून दऱ्या दिसत नव्हत्या. ज्वारीची रानेच दिसत होती. त्यांतून सहलीला कोणी जात नसे. बाजाराला, कोर्टात, सरकारी दवाखान्यात, लेकीच्या सासरी आणि पंढरीला मात्र लोक जात. आजचा विषय आहे तो या गाड्यांचा.

यांतील सर्वांत जुनी गाडी गुजरातेतील, पण मराठी दरबाराची. डभोई हे नाव इतिहासाच्या पुस्तकातून अनेकांच्या परिचयाचे असेल. १७३१ मध्ये बाजीराव आणि त्र्यंबकराव दाभाडे यांची लढाई झाली, तेच हे गाव. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १८६२ मध्ये, बडोद्याचे खंडेराव महाराज गायकवाड यांनी डभोई ते मियागाम असा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग घातला. एखाद्या संस्थानिकाने स्वतःच्या मालकीची रेल्वे उभारण्याचा हिंदुस्थानातील हा पहिला प्रसंग. गंमत अशी, की घातलेले रूळ फारच हलके निघाले. इंजिनाचे ओझे त्यांना सोसेना, म्हणून गाडीला बैल जुंपण्यात आले! लोखंडी वाटेवर बैलजोडी डबे ओढीत चालली आहे, हे चित्र आज हास्यास्पद वाटेल. परंतु हिशेब चुकीचा नव्हता. कच्च्या रस्त्यापेक्षा रुळांवर तीच जोडी कितीतरी अधिक माल ओढते. १८७३ मध्ये जड रूळ घातले गेले आणि वाफेचे इंजिन धावू लागले. पुढे डभोईतून इतक्या दिशांना फाटे फुटले, की आशियातील सर्वांत मोठे नॅरोगेज जंक्शन म्हणून ते गाव ओळखले गेले.

रूळ हलके आणि इंजिन जड, हा डभोईचा पेच साऱ्याच धाकट्या मार्गांचा पेच होता. जड इंजिनाला जड रूळ लागतात, जड रुळांना भक्कम भराव आणि पूल लागतात, आणि मग खर्च इतका वाढतो की लहान गावाच्या वाट्याला रेल्वे येतच नाही. या पेचावर खऱ्या अर्थाने विचार झाला तो बार्शीच्या बाबतीत.

बार्शी ही कापूस आणि धान्याची भरभराटीची पेठ. मुंबईहून मद्रासकडे जाणारा मोठा लोहमार्ग मात्र तिला एकवीस मैल बाजूला टाकून गेला होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता आधी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत होता. त्याने या एकवीस मैलांचा ध्यास घेतला. १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत अडीच फुटी मार्ग सुरू झाला.

कॅलथ्रॉपचा मूळ विचार साधा, पण मर्मावर बोट ठेवणारा होता. रुळाला इंजिनाचे एकूण वजन कळत नाही. त्याला कळते ते एका आसाच्या चाकांखाली पडणारे वजन. तेव्हा हे वजन कोणत्याही वाहनाच्या बाबतीत पाच टनांपुढे जाऊ द्यायचे नाही, असा नियम त्याने ठरवला. लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या इंजिनाचे वजन तीस टनांच्या आसपास होते, पण ते सहा आसांवर वाटलेले होते. वाघिणींना चार-चार आस दिले, म्हणजे भरलेली वाघीण वीस टनांची झाली तरी प्रत्येक आसावर पाचच टन. त्यामुळे यार्डाला तीस पौंड वजनाचे बारीक रूळही पुरेसे ठरले. सामान्यतः इंजिन आधी ठरते आणि मग वाट त्याच्याजोगी करावी लागते. येथे वाटेला काय पेलेल हे आधी पाहिले गेले आणि इंजिनाने त्याप्रमाणे आपले अंग बेतले. अभियांत्रिकीत असा नम्रपणा दुर्मीळच म्हणायचा.

हा मनुष्यही एकंदर विलक्षण असावा. अरबी घोडे पाळणे हा त्याचा छंद, आणि घोड्यांवर त्याने ग्रंथही लिहिला. त्याचे स्नेही चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइसमधील रोल्स, १९१० मध्ये विमान अपघातात गेले. त्यानंतर त्याने वैमानिकांसाठी 'गार्डियन एंजल' नावाचे पॅराशूट सिद्ध केले. वजन आणि आधार यांचा हिशेब काही त्याने सोडला नाही!

बार्शीची गाडी १९०६ मध्ये पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली. एकवीस मैलांचे दोनशे मैल झाले. आषाढी-कार्तिकीला या गाडीला लोटणारी गर्दी वेगळी सांगायला नको. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली.

इतके सारे जमले, मग या गाड्या संपल्या कशा? मोटारी आल्या, एस.टी. आली, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. या गाड्यांचे दुखणे जन्मापासूनचे होते आणि ते जंक्शनवर उघडे पडे. कुर्डुवाडीला अडीच फुटी वाघीण येऊन उभी राहिली की शेजारच्या साडेपाच फुटी रुळांवर तिला पाऊल टाकता येत नसे. सारा माल हमालांच्या पाठीवरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. त्यात पोती फाटत, दिवस मोडत, पैसा जाई. घरी एक भाषा आणि बाजारात दुसरी, अशा गावांत वाढलेल्या या शाळेच्या मुलांना ही अदलाबदल निराळी समजावून द्यायला नको. ती त्यांनी रोज दाराशी केलेली आहे. कॅलथ्रॉपलाही हे दुखणे ठाऊक होते. १९०४ मध्ये इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये सुरू झालेल्या लीक आणि मॅनिफोल्ड या छोट्या मार्गाचा अभियंता तोच. तेथे मोठ्या मार्गाची अख्खी वाघीण धाकट्या गाडीच्या पाठीवर चढवून नेण्याची सोय त्याने केली. युक्ती नामी होती, तरीही तो मार्ग १९३४ मध्ये बंद पडला. दूध आणि मूठभर प्रवासी एवढ्यावर रेल्वे चालत नाही.

आता ग्वाल्हेर. येथे रुंदी आणखी कमी, अवघी दोन फूट. माधवराव महाराज शिंदे यांना आगगाडीचे वेडच होते. जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार फिरवणारी त्यांची चांदीची गाडी आजही पाहायला मिळते. बहुतेक वर्णने या चांदीच्या गाडीपाशी थांबतात, हा त्या राजावर थोडा अन्यायच आहे. त्याची खरी गाडी मेजाच्या बाहेर होती. १८९९ मध्ये ती भिंड आणि शिवपुरीकडे निघाली. तिसरी शाखा १९०४ मध्ये सबलगढला आणि १९०९ मध्ये श्योपुरला पोहोचली. ग्वाल्हेर ते श्योपुर कलां हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. दोन फुटी रुळांवरून इतका लांब प्रवास घडवणारी दुसरी गाडी देशात नव्हती.

या गाडीला दोनशे किलोमीटरसाठी दहा-अकरा तास लागत. बामौर, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ, वीरपूर अशी स्थानके घेत ती चंबळच्या खोऱ्यातून जाई. डबे भरले की माणसे टपावर बसत. छायाचित्रांत ते दृश्य मोठे मोहक दिसते, म्हणून परदेशातून कॅमेरे घेऊन लोक येत. परंतु टपावर बसणाऱ्याला त्यात मोह नव्हता. तिकिटाचे पैसे बसच्या भाड्याहून पुष्कळ कमी आणि आत जागा नाही, एवढाच त्याचा अर्थ. सायकली, दुधाच्या किटल्या आणि शेळ्याही याच गाडीने जात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ही गाडी थांबली, ती पुन्हा सुटलीच नाही. तिच्या जागी ब्रॉडगेज टप्प्याटप्प्याने येत आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या गाड्यांवर हळहळणारे बहुधा त्या गाड्यांनी रोज प्रवास न करणारे असतात. रुंद रुळांची मागणी त्या त्या भागातील लोकांनीच वर्षानुवर्षे केली आणि ती योग्य होती. लातूरच्या मुलाला मुंबईची गाडी घरच्या स्थानकावर मिळाली, यात वाईट वाटण्याजोगे काही नाही. वाईट वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. जुने रूळ उखडले जातात एका हंगामात आणि नवे पुरे व्हायला वर्षे लागतात. मधल्या वर्षांत जौऱ्याच्या म्हातारीने तालुक्याच्या दवाखान्यात कसे जावे, हा प्रश्न कोणत्याही आराखड्यात लिहिलेला नसतो. शिवाय धाकटी गाडी जेथे-जेथे थांबे, तेथे-तेथे थोरली थांबतेच असे नाही.

विदर्भातील शकुंतला हे याचेच दुसरे उदाहरण. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या मार्गाची मालकी स्वातंत्र्यानंतरही ब्रिटिश कंपनीकडे राहिली, ही चमत्कारिक बाब वृत्तपत्रांना फार प्रिय. त्याहून लक्षणीय आहे ती तिची रीत. मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत चालवले. शेवटच्या काळात मोजकी सात माणसे सारे पाहत. सिग्नल, फाटक, इंजिन जोडणे-सोडणे आणि तिकीटविक्रीसुद्धा गाडीबरोबरच्या याच माणसांकडे.

सर्वच कथा बंद फाटकापाशी संपत नाहीत. सयाजीराव महाराजांच्या काळातील बिलिमोरा-वघई हा त्रेसष्ट किलोमीटरचा मार्ग डांगच्या सागवानासाठी घातला होता. २०२० च्या अखेरीस तोही कायमचा बंद करण्याचे ठरले. लोकांनी आवाज उठवला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये गाडी पुन्हा उनाईच्या उन्हाळ्यांवरून वघईच्या रानात शिरली.

आणि कुर्डुवाडी. तेथून बार्शीची धाकटी गाडी केव्हाच गेली. आज सारे रूळ रुंद आहेत. पण त्या गाडीसाठी उभारलेला कारखाना अजून चालू आहे आणि माथेरानच्या डब्यांची दुरुस्ती तेथे होते. नेरळ ते कुर्डुवाडी अरुंद रूळ कोठेच नाहीत. त्यामुळे प्रत्येक डबा दुसऱ्या वाहनावर चढवून आणावा लागतो आणि काम झाले की तसाच चढवून परत पाठवावा लागतो.