भिंतींवर भरलेली शाळा

(सुवर्णमहोत्सवी समारंभात झालेले भाषण)



या मंगल प्रसंगी शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आपली आज्ञा झाली. पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव करण्यास माझ्यापेक्षा अधिकारी वक्ते येथे उपस्थित आहेत. मी मात्र एकाच वर्षाविषयी बोलणार आहे. ते म्हणजे २०२०-२१ चे शैक्षणिक वर्ष. घंटा न वाजताच ते सुरू झाले आणि परीक्षा न होताच संपले.

मार्च २०२० मध्ये दहावीची परीक्षा जवळजवळ पार पडली होती. भूगोलाचा एकच पेपर उरला होता. तो आधी पुढे ढकलला गेला, मग रद्दच झाला आणि अन्य विषयांच्या सरासरीने त्याचे गुण दिले गेले. जून उजाडला, परंतु शाळांची दारे उघडली नाहीत. जुलैमध्ये राज्य शासनाने पाठ्यक्रम पंचवीस टक्क्यांनी कमी केला. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून आणि पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून, तेही जिल्ह्याजिल्ह्यांतील परिस्थिती पाहून, सुरू होऊ लागले. पहिली ते चौथीच्या बालकांना मात्र बहुतेक ठिकाणी त्या वर्षी वर्गाचे दर्शनही घडले नाही. तोवर दुसरी लाट आली आणि एप्रिलमध्ये पहिली ते आठवीची मुले परीक्षेविना वरच्या वर्गात गेली.

या काळाविषयी बोलताना आपण सहज म्हणतो, की शिक्षण मोबाईलवर आले. ते कोणाच्या घरी आले, हेही पाहिले पाहिजे. ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांच्या घरांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्के झाले. हातावर पोट असलेल्या किती आईबापांनी कर्ज काढून, पोटाला चिमटा घेऊन फोन घेतला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. तरीही दर दहांतील जवळजवळ चार घरे उरलीच. शिवाय ज्या घरी फोन होता, तेथे तो बहुधा एकच, वडिलांसवे कामावर जाणारा, आणि शिकणारी भावंडे दोन-तीन.

सोलापूरच्या नीलमनगर भागातील आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी या प्रश्नाला जे उत्तर शोधले, ते मला फार मोलाचे वाटते. ही कापड उद्योगात राबणाऱ्या कष्टकऱ्यांची वस्ती. घरोघरी फोन नाहीत, हे शिक्षकांना ठाऊक होते. त्यांनी वस्तीतील घरांच्या भिंतीच धड्यांनी रंगवून घेतल्या. एका घराच्या भिंतीवर मुळाक्षरे, दुसऱ्यावर व्याकरण, पुढच्या गल्लीत गणिताची सूत्रे, अशा सुमारे ३०० भिंती बोलू लागल्या. वस्तीने आपल्या भिंती शाळेला दिल्या, ही गोष्ट मला रंगापेक्षाही मोठी वाटते. भिंतीवर रेघोट्या मारल्या म्हणून आपण सर्वांनी आपापल्या मुलांचे कान पिळले आहेत. येथे मात्र गृहस्थ स्वतःहून म्हणतो, की गुरुजी, या भिंतीवर लिहा.

या उपायातील शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे. भिंतीला नेटवर्क लागत नाही, तिची बॅटरी उतरत नाही. उघड्या हवेत दोन हातांचे अंतर राखून चार मुले तिच्यासमोर उभी राहू शकतात. थोरल्यासाठी लिहिलेला धडा धाकट्याच्या कानावर येता-जाता पडतो. एरवी ज्या पालकांना शाळेत काय शिकवितात याचा पत्ता नसतो, त्यांच्या उंबऱ्यासमोरच आता अभ्यास उभा राहिला. शिक्षक भेटणार ते अर्थात अधूनमधूनच; भिंत शंकेचे निरसन करू शकत नाही, ही मर्यादाही आहेच. परंतु मूल आणि अक्षर यांची ताटातूट झाली नाही.

पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ चालविली. तेथे ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविले जात आणि मुले अंतराअंतरावर बसून ऐकत. सोलापूर जिल्ह्यातीलच माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची त्यांची कल्पना राज्याने साथीच्या आधीच स्वीकारली होती. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. अशा प्रसंगी त्यागावर प्रवचन देणे सोपे असते. त्या शिक्षकाने ते आचरून दाखविले.

आता निकालाकडे वळतो. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा झालीच नाही. नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या वर्षभरातील मूल्यमापनाला ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला २० अशी गुणांची विभागणी ठरली आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. ९५७ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. यावर पुष्कळ विनोद झाले. त्या मुलांना ‘कोरोना बॅच’ म्हणून हिणविले गेले, आणि हे हिणविणे काही घरांतून अजूनही चालू आहे. मला हे अनुचित वाटते. परीक्षा न घेण्याचा निर्णय मुलांचा नव्हता. त्यांनी पुस्तक मिटून ठेवले नव्हते. कित्येकांनी तर घरात आजार, क्वचित मृत्यूही पाहत अभ्यास केला. ज्या सभागृहात आपण गुणवंतांचा सत्कार करतो, तेथे त्या वर्षीच्या विद्यार्थ्याचे नाव घेताना आवाज खाली येऊ नये.

मात्र त्या वर्षाचे खरे प्रगतिपुस्तक दहावीचे नव्हे, पहिलीचे आहे. जे मूल २०२०-२१ मध्ये पहिलीत होते, ते २०२२ मध्ये तिसरीत आले. त्या वर्षीच्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या केवळ २०.५ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. २०१८ च्या तिसरीत हेच प्रमाण २७.३ टक्के होते. अक्षरओळख होण्याच्या वयातच वर्ग हिरावला गेला, त्याची ही खूण. पुढे हीच पिढी २०२४ मध्ये पाचवीत पोहोचली. तेव्हा त्यांच्यापैकी ४८.८ टक्के मुले दुसरीचा उतारा वाचू शकत होती. साथीपूर्वी, २०१८ च्या पाचवीत, हे प्रमाण ५०.५ टक्के होते. म्हणजे पहिलीचा वर्ग न पाहिलेल्या या बालकांनी मागे पडलेले अंतर चार वर्षांत जवळजवळ भरून काढले. मला विचाराल, तर त्या काळातील सर्वांत मोठे यश हेच, आणि त्यासाठी कोणाच्या गळ्यात हार पडलेला नाही.

परंतु त्याच आकड्याची दुसरी बाजू दडवून कसे चालेल? पूर्वपदावर आलो म्हणजे कोठे आलो? पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचे वाचता येत नाही, त्या जागी आलो.

कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्याच्या आदल्याच वर्षी इन्फ्ल्युएन्झाच्या साथीने देशात लक्षावधी बळी घेतले होते. काळ अनुकूल होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. शाळेपर्यंत न पोहोचणारा मुलगा कोण, हे पाहून त्यांनी वसतिगृहे काढली आणि सर्व जातींची मुले एका पंगतीत बसविली.

आपल्यासारख्या धर्मादाय संस्थांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर बहुधा पहिला रकाना टक्केवारीचा असतो. माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती अशी, की या सुवर्णमहोत्सवी वर्षात एक वेगळा रकाना काढावा. टाळेबंदीत पहिली-दुसरीत असलेली आपल्या परिसरातील मुले आज वरच्या वर्गांत आहेत. त्यांपैकी ज्यांचे वाचन अद्याप अडखळते, त्यांना समाजाचा भेद न करता हुडकून काढावे. निवृत्त शिक्षक आपल्यात पुष्कळ आहेत. हे सभागृह दुपारी रिकामेच असते. आठवड्यातून तीन दिवस, एक तास, एका शिक्षकामागे पाच मुले, एवढ्यावर प्रारंभ होऊ शकेल. फळ्याची व्यवस्था नसेल, तर मागील अंगणाची भिंत चांगली लांबलचक आहे. येत्या सोमवारी जे येऊ शकतील, त्यांनी कृपया कार्यालयात आपले नाव नोंदवावे. पहिले नाव मी माझे लिहून ठेवले आहे.

जय जिनेंद्र.