गिरणीत बोटं गेली, सहीही गेली?

आज आपण कामावर झालेल्या इजेच्या भरपाईबद्दल बोलू.

24 जानेवारी 2025 ला आपल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, आठ कामगार गेले. ती बातमी देशभर पोचली. पण धानाच्या गिरणीत, वीटभट्टीवर एकेकाचा हात जातो, त्याची बातमी गावाच्या वेशीबाहेर जात नाही.

आमच्या गटातल्या एका बाईच्या घरधन्याची दोन बोटं राईस मिलच्या पट्ट्यात गेली. मालकानं दवाखान्याचा खर्च केला, वर वीस हजार दिले आणि ‘आता काही मागणं नाही’ अशा कागदावर सही घेतली. ती म्हणे, सही झाली, आता कोणत्या तोंडानं बोलू? आम्हालाही तेच वाटलं. मग एका कायदे शिबिरात विचारलं.

1923 चा कर्मचारी भरपाई कायदा सांगत होता, हक्क सोडल्याचा असा कागद चालतच नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही भरपाई घेतली आहे.

तिथं हिशेबही समजला. माणूस 40 वर्षांचा, मजुरी महिना 10,000. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मजुरीचे 60 टक्के गुणिले वयाचा आकडा, चाळिशीला तो 184.17. झाले 11,05,020. एका हाताची दोन बोटं गेली तर त्याचे 20 टक्के, म्हणजे 2,21,004 रुपये. कुठं वीस हजार न कुठं सव्वादोन लाख! जीवच गेला तर 60 ऐवजी 50 टक्के धरतात, म्हणजे 9,20,850. आणि मृत्यूची भरपाई मालकानं घरी आणून द्यायची नसते, आयुक्तांकडे जमा करायची असते. बाईला एकरकमी मिळणाऱ्या भरपाईचंही तसंच.

‘तो ठेकेदाराचा माणूस’ म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत. ज्याच्या पगारातून ईएसआय कापतात, त्याची भरपाई मात्र त्या महामंडळाकडून मिळते.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते. पैसे येतील ऐकून आमच्याच गटात कुणी म्हटलं, तिचे थकलेले हप्ते त्यातूनच वळते करू. कायद्यानं या भरपाईवर जप्ती चालत नाही, कर्जापोटी ती वळतीही करता येत नाही. विषय तिथंच थांबवला. हप्त्याला सवलत दिली.

दाव्याला जुन्या कायद्यात दोन वर्षांची मुदत होती. पण वाट कशाला पाहायची? दवाखान्याचे कागद, हजेरीची चिठ्ठी, मजुरी बँकेत येत असेल तर पासबुक, सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं, हे पहिल्या आठवड्यातच जमवा. आम्हाला हजेरीची चिठ्ठी सापडायला महिना लागला, ती तांदळाच्या डब्यात होती.

वकिलाच्या पैशाची धास्ती नको. भंडाऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. फोन 15100.

अर्ज लागला आहे. पुढच्या तारखेला आम्ही चौघी तिच्यासोबत जाणार आहोत, सकाळच्या पहिल्या एसटीनं.