स्वभावाची परीक्षा आणि माणसाची किंमत



वर्धापन दिनाच्या निमित्ताने समितीने आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले, त्याबद्दल आभारी आहोत. आम्ही काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर सायडर म्हणून उमेदीची वर्षे गेली. जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

हा विषय निवडायला कारण घडले. वस्तीतला एक मुलगा नोकरीसाठी एका कंपनीत गेला. तिथे त्याला कॉम्प्युटरसमोर बसवून प्रश्न विचारले. तुम्हाला माणसांत राहायला आवडते का? तुमचे मन लवकर बेचैन होते का? दोन दिवसांनी नकार आला. कारण सांगितले नाही. त्याची आई आमच्याकडे आली आणि म्हणाली, "भाऊ, माझ्या पोराच्या स्वभावातच खोट आहे का हो?" त्या माउलीला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

माणसाचे स्वभाव वेगवेगळे असतात, हे कोणी नाकारत नाही. मानसशास्त्राचे अभ्यासक स्वभावाची पाच अंगे मोजतात: नव्याची ओढ, कामातला नेटकेपणा, माणसांत मिसळण्याची आवड, मिळतेजुळते घेण्याची वृत्ती आणि मन लवकर अस्वस्थ होणे. १९९१ साली बॅरिक आणि माउंट या अमेरिकन अभ्यासकांनी आधीची अनेक संशोधने एकत्र करून पाहिली. नेटकेपणाचा उपयोग त्यांनी तपासलेल्या सगळ्याच प्रकारच्या कामांत दिसला. म्हणजे शास्त्र खोटे नाही. पण हा हिशेब पुष्कळ माणसांचा मिळून केलेला असतो. त्यावरून एका माणसाचे भविष्य सांगता येत नाही.

शिवाय सगळ्या चाचण्या सारख्या नसतात. माणसांचे सोळा गट पाडणारी एक चाचणी जगभर चालते. ती कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स या मायलेकींनी तयार केली. दोघींनीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. शिक्षण नाही म्हणून आम्ही नावे ठेवत नाही, आम्हीच कुठे घेतले आहे? पण तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा गट बदलतो. ज्या तराजूत आज एक वजन आणि महिन्याने दुसरे, त्या तराजूवर कोणाची भाकरी तोलायची का?

आता चाचणीचा वापर कसा होतो ते बघा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक पॉवर कंपनीचे वीज केंद्र होते. ९५ कामगारांत १४ कृष्णवर्णीय. त्यांना पूर्वी फक्त मजुरी खात्यात ठेवत. त्या खात्यातला सर्वांत जास्त पगार हा दुसऱ्या खात्यांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी! २ जुलै १९६५ रोजी भेदभावबंदीचा कायदा लागू झाला आणि त्याच दिवसापासून कंपनीने नवी अट घातली: चांगल्या खात्यात भरती व्हायचे तर हायस्कूलचा दाखला तर हवाच, शिवाय दोन लेखी चाचण्या पास व्हा. पण आधीपासून त्या खात्यांत असलेले गोरे कामगार दाखल्याशिवाय आणि चाचणीशिवाय काम व्यवस्थित करीतच होते. १३ कामगार कोर्टात गेले. ८ मार्च १९७१ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, अशा चाचणीने एखादा समाज बाहेर राहत असेल, तर तिचा त्या कामाशी संबंध मालकाने दाखवला पाहिजे. हेतू चांगला होता एवढे म्हणून चालणार नाही. त्या चाचण्या बुद्धीच्या आणि यंत्राच्या समजेच्या होत्या, स्वभावाच्या नव्हत्या. पण प्रश्न तोच आहे: ही परीक्षा कामाची आहे की दारावरचा अडसर आहे?

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे, अहमदाबादच्या कॅलिको गिरणीचे. तिथे स्वयंचलित माग आणले, पण अपेक्षेएवढे कापड निघेना. आमच्याकडे असते तर साहेब म्हणाला असता, कामगार आळशी आहेत. पण १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी स्वभावावर बोट न ठेवता कामाची मांडणी पाहिली. विणणारा वेगळा, बॉबिन भरणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, कोणाचा कोणाशी मेळ नाही. मग छोटे गट केले आणि ठरावीक माग एकेका गटाच्या जबाबदारीवर दिले. कामगारांनी ही कल्पना उचलून धरली. उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले. माणसे तीच होती बरं का!

आता आमची स्वतःची चूक सांगतो. खात्यातून प्रतिनिधी निवडताना आम्ही नेहमी मोठ्या आवाजाचा माणूस निवडला. एक सायडर फार घुम्या होता. "हा काय पुढारी होणार!" असे आम्हीच हसून म्हणालो होतो. पुढे बदली कामगारांना कायम करण्याचा प्रश्न आला. व्यवस्थापन म्हणाले, यांचे २४० दिवस भरलेच नाहीत. आमचा भाषण करणारा प्रतिनिधी गप्प बसला. त्या घुम्या माणसाने पिशवीतून वही काढली. तीन वर्षे त्याने प्रत्येक बदलीवाल्याची हजेरी रोजच्या रोज लिहून ठेवली होती, कोणी सांगितले नसताना. त्या वहीवर बोलणी झाली आणि माणसे कायम झाली. दुसऱ्यांच्या चाचण्यांना नावे ठेवणाऱ्या आम्ही आमच्या मनात मात्र फक्त आवाजाची चाचणी घेतली होती.

म्हणून त्या माउलीला आमचे उत्तर असे: बाई, पोराच्या स्वभावात खोट नाही. एका यंत्राने अर्ध्या तासात जे पाहिले, ते त्याचे सारे आयुष्य नव्हे. त्याला दुसरीकडे पाठवा. तरुणांनो, चाचणीत खोटी उत्तरे देऊ नका आणि निकालाला कपाळावरचा लेखही समजू नका. आणि आपल्या मंडळात, बचत गटात पुढारी निवडताना बोलतो कोण एवढेच पाहू नका; वही कोण लिहितो तेही पाहा.

एवढे बोलून आम्ही आमचे भाषण संपवतो.