खताची पेटी आणि तिची ऊब



बागेतला पालापाचोळा कुजवून केलेले खत मी मोठ्या अभिमानाने वाफ्यांना घातले. पहिल्या पावसासरशी त्यातून काय उगवले म्हणाल? गाजरगवत! खत काळेभोर झाले होते, पण त्यातले तणाचे बी जिवंतच होते. ढीग मुळी तापलाच नव्हता.

ढीग तापतो तो सूक्ष्म जीवांमुळे. पाला कुजवताना ते उष्णता सोडतात. आतली उष्णता ५५ ते ६५ अंश सेल्सियसवर काही दिवस टिकली, की बहुतेक तणांचे बी मरते. लांबी, रुंदी, उंची तीन-तीन फूट असलेला ढीग ही ऊब स्वतःच राखतो. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला बसवलेली पद्धत शेतावरच्या मोठ्या ढिगांची होती. घरच्या बागेत एवढा पाला एकदम कुठून आणायचा? लहान ढिगाची ऊब चहूकडून निसटते. तेथे दुहेरी भिंतींची, मध्ये थर्मोकोलसारखा थर असलेली पेटी उपयोगी पडते.

परंतु ध्यानात ठेवा, गोधडी ऊब निर्माण करीत नाही. अंगातली ऊब राखते. पेटीचेही तसेच. रोज मूठभर देठे टाकाल, तर महागडी पेटीसुद्धा गारच राहील. तेवढ्यासाठी भोके पाडलेले साधे पिंप पुरे. मात्र बी धरलेले तण त्यात टाकू नये.

पेटी घेताना झाकण पाहा. ते जाड व घट्ट हवे, कारण ऊब वरून जाते आणि पाऊस वरूनच येतो. तळाशी हवेला व पाणी निथळायला वाट हवी. हवा कोंडली की दुर्गंधी सुटते, आणि मग शेजारी दारात उभे! आत एक घमेले हिरवा पाला, तर दोन घमेली सुका, असे प्रमाण ठेवावे. मूठ दाबली असता पाण्याचा एखादाच थेंब निघावा. कडेचा माल अधूनमधून मध्यभागी ढकलावा.

मुंबई-कोकणात हवा बारमाही उबदार. तेथे जाड भिंतीपेक्षा पावसापासून आडोसा महत्त्वाचा. महाबळेश्वरच्या किंवा नाशिकच्या थंडीत मात्र जाड भिंतीचे पैसे वसूल होतात.

तेव्हा पेटी घेण्याआधी आठवडाभर बागेतला कचरा पोत्यात भरून पाहा. पोते किती भरले, ते पाहूनच पेटीचे माप ठरवा. आणि गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच, हातमोजे घालून, उपटा.