'इनॅडिक्वेट' म्हणजे कशासाठी अपुरे?

(पंचायत सचिव, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यालयीन पत्रव्यवहारात 'इनॅडिक्वेट' हे इंग्रजी विशेषण वारंवार आढळते. अर्ज परत येतो. त्यावर शेरा असतो, 'डॉक्युमेंट्स इनॅडिक्वेट'. अर्जदार तो कागद गावच्या शिक्षकांकडे नेतो. शिक्षक अर्थ सांगतात, 'कागदपत्रे अपुरी आहेत.' अर्थ बरोबर आहे. परंतु कोणता कागद कमी आहे, याचा उलगडा होत नाही. पुन्हा तालुक्याची खेप, पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडते. एका विशेषणापायी गरिबाला एवढी तोशीस पडत असेल, तर त्या विशेषणाचा नीट विचार करणे अगत्याचे आहे.

हा शब्द मूळचा लॅटिन. 'समान' या अर्थाचा 'ईक्वस' हा शब्द त्याच्या गाभ्याशी आहे; आपल्या परिचयाचा 'ईक्वल' त्याच कुळातला. 'अ‍ॅडिक्वेट' म्हणजे गरजेच्या बरोबरीस आलेले, आणि 'इनॅडिक्वेट' म्हणजे त्या बरोबरीस न पोहोचलेले. अर्थात या शब्दात दोन बाजू गृहीत असतात : एक, जे आहे ते, दुसरी, जे हवे ते. दुसरी बाजू सांगितली नाही, तर शब्द अधांतरी राहतो. विहिरीतील पाणी घराला पुरेल, कुळागराला पुरणार नाही. पाणी तेवढेच, गरज बदलली की विशेषणही बदलते.

याची दोन भावंडे आहेत. 'इनसफिशंट' हा शब्द मुख्यतः परिमाणाकडे पाहतो; खात्यातील रक्कम किंवा पाकिटावरील पत्ता यांना तो लागतो. 'डेफिशियंट' तूट दाखवतो. हवामान खाते सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी पावसाला 'डेफिशियंट' म्हणते. तेथे माप ठरलेले असल्याने वादाला जागा नाही. 'इनॅडिक्वेट'ला असे बांधीव माप नाही. तो संख्येला लागतो, तसाच गुणालाही. शाळेच्या खोल्या मोजून पुरेशा भरतील. पण पावसाळ्यात त्या गळत असतील, तर अध्यापनासाठी त्या अपुऱ्याच.

मराठीला या छटा नव्या नाहीत. कापड तोकडे, वेतन तुटपुंजे, उत्तर त्रोटक, पुरावा अपुरा, असे आपण सहज बोलतो. मात्र माणसाला आपण 'अपुरा' म्हणत नाही. इंग्रजीत हे विशेषण व्यक्तीला लावले, की तिच्या कुवतीवरच बोट ठेवले जाते. म्हणून शेरा कामाविषयी असावा, माणसाविषयी नसावा.

भारतीय संविधानातही या शब्दाच्या होकारार्थी रूपाला महत्त्वाचे स्थान आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० क समाविष्ट झाला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण मिळावे, यासाठी 'अ‍ॅडिक्वेट' सोयी पुरविण्याचा प्रयत्न राज्याने व स्थानिक संस्थांनी करावा, असे तो सांगतो. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी मुलांचे हित या एका विशेषणाशी निगडित आहे. 'सोयी अपुऱ्या आहेत' एवढीच तक्रार केल्यास ती सहज बाजूला पडते. मुले किती, शिक्षक किती, पुस्तके केव्हा मिळाली, हे लिहिले म्हणजे तक्रारीला बळ येते.

गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने शासकीय कामी मराठीच्या वापरास वाव ठेवला आहे. तेव्हा अधिकारी बंधूंना विनंती, की शेरा अर्जदाराला समजेल असा लिहावा : 'उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही, तो जोडावा.' शिक्षकांनी शब्दाबरोबर त्याचा रोखही समजावून द्यावा. आणि ग्रामस्थहो, अर्जावर 'अपुरे' असे लिहून आले, तर संकोच न करता दोन प्रश्न विचारा : कशासाठी अपुरे? आणि किती अपुरे? त्यांची उत्तरे मिळणे हा आपला हक्क आहे.