हृदयगतीचे यंत्र: छातीवर की मनगटावर?

व्यायामात हृदयाची गती दाखविणारे यंत्र घेण्याचा आपला मानस असेल,
तर दुकानदाराने किमतींचा तक्ता पुढे करण्यापूर्वी
स्वतःस एकच विचारावे:
आपण व्यायाम कोणता करणार?

छातीवरचा पट्टा हृदयाचे विद्युत्संकेत टिपतो.
फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ साली
असा पट्टा मनगटावरील घड्याळास तारेविना जोडून बाजारात आणला,
आणि खेळाडूंची मोठीच सोय झाली.

हल्लीची घड्याळे
त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून,
रक्तप्रवाहानुसार परतणाऱ्या प्रकाशात जो फरक पडतो,
त्यावरून ठोक्यांचा अदमास बांधतात.

रोज टेकडीवर चालणाऱ्यास तेवढा अदमास पुरे.
परंतु वजने उचलताना मूठ आवळली, मनगट वळले,
की आकडे भरकटतात.
क्षणात धावणे, क्षणात थांबणे असा व्यायाम असेल,
तर घड्याळ मागे रेंगाळते.
तेथे छातीचा पट्टाच घ्यावा.

मात्र त्याची आतली बाजू आधी पाण्याने ओलसर करावी;
कोरड्या कातडीवर, घाम फुटेपर्यंत,
तो वाटेल ते सांगतो!
घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर,
न सरकेल असे बांधावे.

पट्ट्याने छाती आवळल्यासारखी वाटत असेल,
तर दंडावरचाही पट्टा मिळतो.
मला हा मध्यममार्ग पसंत आहे.

पुन्हा सांगतो:
आधी व्यायाम ठरवा, मग यंत्र.

आणि ज्यांना रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू आहे,
त्यांची हृदयगती औषधानेच मंदावलेली असते;
त्यांनी यंत्राने वयावरून काढलेली मर्यादा प्रमाण न मानता,
ती आपल्या डॉक्टरांकडूनच मुक्रर करून घ्यावी.